पटले मास्तरांची भोंड

व्यायामानं मला आयुष्यात एकच गोष्ट मिळवून दिली, ती म्हणजे पटले मास्तरांची ओळख. आणि तीही मी मैदानात उताणा पडलेला असताना. डोळे उघडले तेव्हा वर आकाश होतं, आकाशाच्या कडेनं पोरांच्या डोक्यांचं कुंपण होतं, आणि मधोमध पांढऱ्या मिशांचा एक काळासावळा चेहरा माझ्याकडे अतिशय आवडीनं बघत होता. बाजारात शेतकरी बैलाचे दात बघतो, तसा.

"सकाळी काय खाल्लं जी, गुरुजी?" चेहऱ्यानं विचारलं.

"चहा," मी म्हणालो.

"अन् काल संध्याकाळी?"

"भूक नव्हती."

"पोटाची भोंड," चेहरा मागे वळून पोरांना म्हणाला. "पाहून घ्या रे नीट. असा नमुना रोज भेटत नाई."

तिरोड्याजवळच्या त्या गावातल्या शाळेत मी नागपूरहून इतिहास-भूगोल शिकवायला नुकताच आलो होतो. आम्ही जिला चक्कर म्हणतो तिला तिकडे भोंड म्हणतात, हा माझा तिथला पहिला धडा. स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षंच झाली होती, देश बलवान करायचा होता, आणि हेडमास्तरांचा हुकूम होता की नव्या शिक्षकांनी सकाळच्या कवायतीला पोरांबरोबर उभं राहावं. नुसतं उभं राहिलो असतो तरी निभावलं असतं. पण वरच्या वर्गातली पोरं बैठका मारत होती, त्यांच्याशी मी चढाओढ लावली. पहिल्या काही बैठकांत वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं पुस्तकांत घालवली. पुढच्या काही बैठकांत वाटलं, पुस्तकंच बरी होती. त्यानंतर काही वाटायचं शिल्लकच राहिलं नाही.

मला उचलायला दोन दांडगी पोरं पुढे आली तेव्हा मास्तरांनी त्यांना हटकलं. "उचलू नोका. पडलेल्या मानसाले उभं कराची कायले घाई करता? रक्त खाली उतरलं हाय, त्याले वर येऊ द्या." आणि त्यांनी माझे पाय पोरांच्या दप्तरांच्या ढिगावर ठेवले. तशा अवस्थेत, पाय वर आणि अब्रू खाली, मी त्या शाळेतली माझी कारकीर्द सुरू केली.

पटले मास्तर कवायत शिकवायचे. खाकी अर्धी चड्डी, बनियन, काळ्या गोफात शिट्टी आणि पाय अनवाणी. चप्पल फक्त हेडमास्तरांच्या खोलीत जाताना घालायचे आणि बाहेर आल्या आल्या काढून काखेत मारायचे. शिकलेले बेताचे, पण तरुणपणी गोंदियाच्या एका आखाड्यात घुमलेले. माणसं का पडतात, हा त्यांचा खास विषय. आखाड्यात, राइस मिलमध्ये पोती वाहताना, भर उन्हात धान कापताना त्यांनी अनेक माणसं पडताना पाहिली होती आणि त्यातलं प्रत्येक पडणं त्यांना तपशिलासकट पाठ होतं. कुणाच्या लग्नात नवरदेव पडला, तर लोक नवरदेवाचं नाव विसरत. मास्तर मात्र तो का पडला ते सांगत. मुंडावळ्या घट्ट होत्या, सकाळपासून उपास होता, आणि होमाचा धूर सरळ नाकात.

"मानूस उगाच पडत नाई," ते म्हणायचे. "त्याचं काईतरी राहून जाते." जेवायचं राहतं, पाणी प्यायचं राहतं, झोप राहते, श्वास घ्यायचा राहतो. म्हणून कुणी पडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय राहिलं, बाप्पा?"

श्वासाचं प्रकरण मी स्वतः पाहिलं. हुतूतूच्या सामन्यात आमचा मनसाराम नावाचा पोरगा चढाईला गेला. त्याचा दम लांब, आणि त्या दमाचा त्याला गर्व. पलीकडच्या गड्यांना हूल देत तो दम कोंडून इतका वेळ राहिला की शेवटी कुणी हात न लावताच धाडकन आडवा झाला. पलीकडचे आनंदानं नाचायला लागले. पटले मास्तर मैदानात घुसले, आधी त्याचे पाय वर केले, मग पंचाशी भांडायला उभे राहिले. "तुमच्यानं नाई पडला तो, दमाच्या भोंडीनं पडला. भोंडीले गुण कायले देता?" सामना आम्ही हरलो. पण त्या दिवसापासून मास्तर पोरांना बैठक मारताना मोठ्यानं बोलायला लावायचे. हुतूतू एका दमात चालतं, पण पाढा म्हणताना ओळीओळीला श्वास घ्यावाच लागतो, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या शाळेत सकाळी सगळी पोरं बैठका मारत पाढे ओरडायची आणि गणिताचे गुरुजी मास्तरांवर खूश असायचे.

एकदा कुणी पुढारी आले. पोरं उन्हात सावधान उभी, आणि पुढाऱ्यांचं भाषण वेदकाळातून अजून बाहेर पडलेलं नव्हतं. मागच्या रांगेतलं एक पोर पडलं, मग दुसरं. मास्तर सरळ मंचापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, पोट्टे पडून राहिले. तुमी आटपता का मी बसवू?" पुढाऱ्यांना हा प्रश्न नीट समजायच्या आतच मास्तरांनी सगळी शाळा मांडी घालून बसवली होती. नंतर त्यांनी पोरांना शिकवलं की सावधानमध्ये गुडघे लाकडासारखे ताठ करायचे नसतात, आणि कुणाला दिसणार नाहीत अशी पायाची बोटं हलवत राहायचं. मी अजूनही कुठल्याही सभेत बोटं हलवतो. बायको म्हणते, ती सवय फार वाईट दिसते.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण एक प्रसंग वेगळा होता. सुखदेव नावाचं सहावीतलं पोर धावताना पडलं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारलं. जेवला होता, पाणी प्याला होता, झोपला होता, ऊनही नव्हतं. मास्तरांनी त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्यांचा चेहरा उतरला. "याचं काईच नाई राहिलं," ते म्हणाले, "अन् तरी पडला. हे आपलं काम नाई." त्याच दिवशी पोराला आणि त्याच्या बापाला घेऊन ते गोंदियाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. पोराच्या हृदयाच्या झडपेत दोष निघाला. त्याला पुन्हा धावायचं नव्हतं, पण तो जगला. पुढे मास्तर त्याला कवायतीच्या वेळी घंटेपाशी बसवत आणि सगळ्या शाळेनं त्याच्या ठोक्यावर चालायचं.

अशा माणसाला स्वतःला भोंड येईल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण दिवाळीनंतर कवायतीत एक नवीनच प्रकार सुरू झाला. ऐन रंगात आलेली कवायत थांबवून मास्तर ओरडायचे, "नीचे बैठ!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतः बसायचे. पोरांना वाटलं, नागपूरहून आलेली नवी पद्धत असेल. मलाही तसंच वाटलं. नागपूरचा मीच, पण आपल्याला माहीत नसलेल्या पुष्कळ गोष्टी नागपुरात असतात, अशी मी समजूत घातली. मग एकदा बसल्यावर त्यांना लवकर उठता येईना. मी जवळ गेलो.

"काय राहिलं, मास्तर?" मी थट्टेनं विचारलं.

"चष्मा नवा हाय," ते म्हणाले. पुढच्या वेळी पूर्वेचा वारा होता. त्याच्या पुढच्या वेळी हेडमास्तरांचा आवाज. दुसऱ्याच्या भोंडीचं कारण अचूक काढणारा माणूस स्वतःच्या बाबतीत इतकी फालतू कारणं का देतो, हे मला कळेना.

हेडमास्तरांना मात्र वेगळं काही कळलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं. "सव्वीस जानेवारीला तहसिलीतले साहेब सलामी घ्यायला येणार. त्यांच्यासमोर पटले मास्तर पडले तर शाळेची काय शोभा? त्या दिवशी काही झालं तर कवायत त्यांच्याकडून काढावी लागेल." मी सहानुभूतीनं मान हलवली. "आणि ती तुमच्याकडे द्यावी लागेल. सगळ्यांत तरुण तुम्हीच."

माझी मान हलायची थांबली. त्या क्षणापासून पटले मास्तरांच्या प्रकृतीची मला जितकी काळजी वाटू लागली, तितकी मी माझ्या आईवडिलांचीही कधी केली नसेल. मी त्यांच्यासाठी गूळ नेला, केळी नेली, उकडलेली अंडी नेली. मास्तर सगळं आनंदानं खात आणि पुन्हा बसत. त्यांची कवायत गेली तर माझी अब्रू जाणार होती हे खरं, पण त्यांचं काय जाणार होतं तेही मला दिसत होतं. त्या माणसाला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि यावंसं वाटतही नव्हतं.

पौषात त्यांच्याकडे धानाचं चुरणं होतं. खळ्यावर धानाच्या पेंढ्या पसरलेल्या, मधल्या खुंटाला जोडलेले बैल त्यावरून गोल गोल फिरत आणि मागून एक माणूस. "या जी खळ्यावर, गंमत पाहा," मास्तर म्हणाले होते. मी गेलो, आणि गंमत बघण्याऐवजी मीच ती झालो. बैल हाकणं अगदी सोपं दिसत होतं, म्हणून मी ते मागून घेतलं. थोड्याच वेळात मला वाटलं की बैल थांबलेत आणि गाव फिरतंय. मी बैलाची शेपटी घट्ट धरली. बैलाला ते आवडलं नाही. पुढचं मला मास्तरांच्या बायकोच्या, सगुणाबाईंच्या, हसण्यावरून समजलं.

"घुमायची भोंड," मास्तरांनी मला पेंढ्यातून काढत निदान केलं. "यात तुमचा दोष नाई, गुरुजी. नजर खुंटावर ठेवाची रायते. तुमी बैलाच्या मागं पाहत होते. तिकडं पाहण्यासारखं काय हाय?"

सगुणाबाई म्हणजे काठीसारख्या बारीक झालेल्या, पण जीभ शाबूत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मुदतीच्या तापानं त्यांना पार आडवं केलं होतं. गावानं आशा सोडली होती, असं लोक सांगत. अजूनही चार पावलं चालल्या की भिंत धरायच्या. तरी त्या दिवशी रांधलं त्यांनीच. भात आणि लाखोरीची डाळ. मी अजून डोळ्यांपुढचं खळं थांबायची वाट बघत होतो, त्या धांदलीत मास्तरांच्या ताटावर बसलो आणि पहिला घास घेतला. डाळीत मीठच नव्हतं. मला वाटलं, भोंडीत जीभही गेली.

"ते ह्याईचं ताट हाय, गुरुजी!" सगुणाबाई ओरडल्या. "वैद्यानं मीठ मना केलं त्याईले. मी बिमार होती तवापासून." आणि त्यांनी ताटं बदलली.

जेवल्यावर मी मास्तरांना खळ्याच्या कडेला गाठलं. उन्हातान्हात घाम गाळणाऱ्या पोरांना चिमूट चिमूट मीठ आणि पाणी देणारा हा माणूस. घामावाटे मीठ जातं आणि मग डोकं फिरतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. "मास्तर, तुमचं मीठ राहिलंय," मी म्हणालो. एखादा मोठा शोध लावावा अशा थाटात म्हणालो, हेही सांगायला हवं.

"मले मालूम नाई का जी?" ते शांतपणे म्हणाले. "पयल्याच दिवशी समजलं."

वैद्य वगैरे कुणी नव्हता. सगुणाबाईंचा ताप उतरेना तेव्हा मास्तरांनी गावाबाहेरच्या मातामायपुढे नवस बोलला होता: ही पुन्हा आपल्या पायांनी बांधीत, म्हणजे भातखाचराच्या चिखलात, उतरून धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करीपर्यंत मी तोंडात मीठ घेणार नाही. ताप उतरला तो दुसऱ्याच दिवशी. पण रोवणा आता पुढल्या पावसाळ्यात.

"म्हणजे आषाढापर्यंत?"

"हाव."

"आणि सव्वीस जानेवारी?"

मास्तरांनी पायाशी सांडलेल्या धानाच्या ओंब्या उचलून खळ्यात फेकल्या. "तिले सांगू नोका," ते म्हणाले. "तिले समजलं तं आजच बांधीत उतरन, वाळल्या जमिनीत चार काड्या खोचन, अन् म्हनन, घ्या, झाला तुमचा रोवणा. लय आडमुठी हाय. अन् तिले काई झालं म्हंजे?"

माझा नवसावर विश्वास नव्हता, अजूनही नाही. त्या वयात तर मी अशा गोष्टींवर व्याख्यान देत असे. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून मी ते व्याख्यान गिळून टाकलं. परत निघताना सगुणाबाईंनी मला दाराशी थांबवलं. "गुरुजी, तुमी शिकलेले. ह्याईले काय होऊन राहिलं? काऊन असे बसतेत?" खरं सांगितलं असतं तर बाईंनी त्याच रात्री त्यांच्या ताटात मीठ वाढलं असतं, मास्तरांची कवायत वाचली असती आणि माझी मान सुटली असती. मी म्हणालो, "चष्मा नवा आहे." माझ्या आयुष्यातलं एकमेव शौर्याचं कृत्य ते हेच. तोंड बंद ठेवायचं होतं, म्हणून तर जमलं.

सव्वीस जानेवारीला मी लोटाभर पाणी घेऊन मास्तरांच्या मागे उभा होतो. झेंडा वर गेला, पोरं मैदानाला फेरी घालत निघाली. मास्तर झेंड्याजवळच्या चुन्याच्या वर्तुळात उभे राहून हुकूम देत होते. आवाज ठणठणीत होता, पण मानेवर घामाच्या धारा लागलेल्या आणि कानांच्या पाळ्या राखेच्या रंगाच्या झालेल्या मला मागून दिसत होत्या. शेवटची सलामी तेवढी राहिली होती.

"मास्तर, बसा," मी कुजबुजलो.

"हात नोका लावू," ते म्हणाले.

आणि ते बसले. पडले नाहीत, बसले. पडायच्या आधी बसायला लाजायचं नाही, हे ते पोरांना रोज सांगत; तसेच गुडघे वाकवून, पाय पसरून, साहेबांच्या समोर खाली मातीत. मांडवात कुणीतरी फस्सकन हसलं. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. पोरांची पहिली रांग समोर आली तसे ते खालूनच कडाडले, "दाहिने देख!"

पोरांनी माना वळवल्या. पण साहेब होते मंचावर, आणि आवाज आला होता जमिनीवरून. रांगेमागून रांग आली आणि प्रत्येक पोरानं मातीत बसलेल्या मास्तरांकडे बघत सलामी दिली. साहेब कपाळाला हात लावून ताटकळत राहिले, त्यांच्याकडे कुणी बघेचना. घंटेपाशी बसलेला सुखदेव तेवढा त्यांच्याकडे बघत होता, आणि तो ठोके द्यायचा थांबला नाही. मी लोटा घेऊन उभा होतो आणि मला रडू येत होतं. ते लपवायला मी लोट्यातलं पाणी पिऊन टाकलं. मास्तरांसाठी घोटभरही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिट्टी माझ्या गळ्यात आली. मास्तरांकडे सुलेखनाचा तास गेला. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नसे. माझ्या कवायतीबद्दल काय सांगू? मी 'दाहिने मुड़' म्हणून स्वतः डावीकडे वळायचो आणि पोरं सौजन्यानं माझ्या बाजूला वळायची. होळीच्या सुमारास ऊन तापायला लागलं आणि एका सकाळी मी माझ्या नेहमीच्या जागी, म्हणजे जमिनीवर, सापडलो. डोळे उघडले तर वर्गातून धावत आलेले मास्तर, हातात खडू.

"काय राहिलं जी, गुरुजी?"

"तुम्ही," मी म्हणालो. लांबलचक वाक्य बोलायला दम नव्हता म्हणून तेवढंच म्हणालो. मास्तरांनी माझे पाय उचलून नेहमीप्रमाणे दप्तरांवर ठेवले.

जूनमध्ये शाळेला अमरावतीहून शिकून आलेला कवायतीचा तरुण शिक्षक मिळाला. चांगला होता. मास्तरांना शिट्टी परत मिळायची नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं, त्यांनाही. ते तासभर मैदानाच्या कडेला उभे राहून नव्या शिक्षकाचं काम बघत होते. मग चप्पल काखेत मारून सुलेखनाच्या वर्गात गेले. मला मास्तरांचा राग आला, मातामायचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या धडधाकट तरुण शिक्षकाचा आला. बिचाऱ्यानं माझी सुटका केली होती.

आषाढात रोवण्याच्या दिवशी मास्तरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पाऊस नुकताच उघडला होता. बांधीत गुडघाभर चिखल, बायांची रांग वाकून रोपं लावत होती. सगुणाबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या होत्या. "मी बी लावतो थोडा," असं म्हणून त्यांनी लुगड्याचा काचा मारला आणि चिखलात पाय घातला. मास्तर धुऱ्यावर उकिडवे बसले होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते.

बाईंनी पहिली जुडी सोडली. रोप लावलं, पुढचं लावलं, आणि कंबर सरळ करायला उठल्या.

"हळू ऊठ! एकदम उठू नोको!" मास्तर ओरडले.

"तुमी तुमचे पोट्टे सांभाळा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. बाकीच्या बाया खदखदून हसल्या. सगुणाबाई मागे मागे सरकत, लावत लावत, बांधीच्या पार टोकापर्यंत गेल्या. कुणाला धरावं लागलं नाही. एकदासुद्धा नाही.

दुपारी धुऱ्यावर पळसाच्या पत्रावळी मांडल्या. भात, लाखोरीची डाळ. मास्तरांची डाळ वेगळ्या गाडग्यात होती.

"मीठ दे," मास्तर म्हणाले.

बाईंचा चिखलानं भरलेला हात तसाच थांबला. "वैद्यानं मना केलं ना तुमाले?"

"वैद्यानं कवा मना केलं? म्याच केलं होतं. तू रोवणा लावीन तवालोक."

 बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी नव्या चष्म्याबद्दल काही बोलावं की काय असा विचार करत पत्रावळीकडे पाहिलं. बाईंनी हात धुतले, मिठाची डबी ओढली, आणि मास्तरांच्या भातावर चिमूटभर मीठ टाकलं. मग आणखी एक चिमूट टाकली. मग मूठ भरून घेतली आणि टाकत राहिल्या, ओठ दाबून, गालांवरून पाणी वाहत असताना, अन् "मेल्या मानसा, मेल्या मानसा" एवढंच म्हणत.

तो भात जनावरालाही गिळता आला नसता. मास्तरांनी तो शांतपणे कालवला, आणि पत्रावळीवर एक शीतही ठेवलं नाही.